शायलॉकचा गुन्हा कोणता?

शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ मी शिकवतो तेव्हा चाकण-खेडकडची, कारखान्यात रात्रपाळी करून वर्गात बसणारी मुले हमखास म्हणतात, “सर, तो सावकार होता. जिरली ते बरे झाले.” मी त्यांना गप्प करीत नाही. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. सावकाराची वही म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावी, १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्या दंग्यात कर्जरोखे जाळले गेले. पुढे १८७९ च्या कायद्याने अशा कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. कायद्याने तपासायचा तो व्यवहार. सावकाराचा जन्म नव्हे.

व्हेनिसच्या न्यायालयात नेमके उलटे घडते. पोर्शिया प्रथम रोख्याचे अक्षर धरते: मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. रोखा तेथेच निकामी होतो. खटला मात्र संपत नाही. परक्याने नागरिकाचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाची, निम्मी राज्याची आणि त्याचे प्राण ड्यूकच्या मर्जीवर, असा दुसरा कायदा ती काढते. शायलॉक सूडाने पेटला होता, हे मी नाकारीत नाही. पण व्हेनिसमध्ये जन्म घालवूनही ज्यू तो ‘परका’च. अँटोनिओ भर बाजारात त्याच्यावर थुंकला, त्याला कुत्रा म्हणाला. त्यासाठी या न्यायालयापाशी एकही कलम नाही.

हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर बारा पण दंड, शूद्राने ब्राह्मणाला दिली तर शारीरिक शिक्षा, हे मनुस्मृतीचे माप. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळले गेले ते हेच माप.

पदवीच्या वर्गात मला हे नाटक ‘दयेचा विजय’ म्हणून शिकवले गेले. त्या दयेचे स्वरूप काय? प्राण राखले, पण शायलॉकने ख्रिस्ती व्हावे ही अट घातली. धर्मांतर येथे शिक्षा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला तो स्वतःच्या निर्णयाने, माणूसपण मिळवण्यासाठी. ज्याने ते पाहिले वा ऐकले, त्याला शायलॉकच्या धर्मांतरात दया दिसणे कठीण आहे.

शायलॉक आपला नायक नव्हे. तुम्हीही विकत घेतलेले गुलाम बाळगता, असे तो भर न्यायालयात सुनावतो. पण ते गुलामांच्या मुक्तीसाठी नव्हे, स्वतःची मालकी सिद्ध करण्यासाठी. त्या गुलामांना नाटकात तोंडच नाही. आपण हे नाटक त्यांच्या जागेवरून वाचले पाहिजे.

यंदा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मग रोखा रद्द करून अँटोनिओला सोडवायचे आणि थुंकल्याबद्दल त्यालाही दंड करायचा.” पोर्शियाला हे सुचले नाही, कारण तिचा कायदा दोघांना एक मानतच नव्हता.