नाव जुने, भाषा नवी : 'ओ हेराल्डो'च्या निमित्ताने

वृत्तपत्राचे मूल्यमापन करताना आपण त्याची मते तपासतो. ते ज्या भाषेत निघते तिच्याकडे क्वचितच पाहतो. गोव्याच्या 'ओ हेराल्डो'ची कहाणी या दृष्टीने वाचावी, असे आम्हांस वाटते. रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते, तेव्हा पेण-रोह्याच्या वाचकांना गोवा आता परका नाही.

२२ जानेवारी १९०० रोजी मेसियश गोमिश यांनी हे पोर्तुगीज दैनिक सुरू केले. घरात कोंकणी, देवळात मराठी, चर्चमध्ये लॅटिन, कचेरीत पोर्तुगीज आणि पोटासाठी मुंबई गाठली की इंग्रजी, अशा त्या प्रदेशात रोजचे पत्र राज्यकर्त्यांच्या भाषेत निघावे, यात नवल नाही. नवल पुढे आहे. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, तरी हे दैनिक जवळजवळ बावीस वर्षे त्याच भाषेत निघत राहिले. १० ऑक्टोबर १९८३ रोजी ते इंग्रजी झाले. नाव तेवढे राहिले.

या बदलावर सुशिक्षितांनी केलेली हळहळ आम्हांस पुरती पटत नाही. खेड्यातला ख्रिस्ती शेतकरी, बोटीवरचा आचारी पोर्तुगीज वाचत नव्हता. वाचता येत असेल तर तो रोमी लिपीतील कोंकणी वाचे. त्या भाषेतले 'उदेंतेचें साळक' १८८९ मध्ये निघाले तेही गोव्यात नव्हे, पुण्यात! पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला मान दिला तो देवनागरी लिपीत. रोमी वाचणाऱ्याची भाषा राजभाषा झाली, लिपी मात्र उंबऱ्याबाहेर राहिली. पोर्तुगीजसाठी ढाळलेल्या अश्रूंतले चार त्याच्या वाट्याला यायला हवे होते.

स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर हा फ्रेंच व जर्मन अशा दोन भाषांचा प्रांत. तेथे कॅनन जोसेफ शोर्देरे यांनी १८७१ मध्ये 'ला लिबेर्ते' हे कॅथलिक फ्रेंच दैनिक काढले. सेंट पॉलच्या धर्मभगिनी त्याच्या छापखान्यात राबल्या. ते आजही निघते, आणि त्याच शहरातून जर्मन वाचकांचे स्वतंत्र दैनिकही. तेथे शाळा, न्यायालय, बाजार फ्रेंचमध्ये चालतात, म्हणून सकाळचे पत्र फ्रेंचमध्ये लागते. गोव्यात पोर्तुगीज शाळा मिटल्या, मुले इंग्रजी शाळांत गेली. दैनिकाला पुढचा वाचकच उरला नाही. मालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. मथळ्यावरच्या नावाविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. भाषा गेल्यावर नाव मिरवणे ही निष्ठा की केवळ दागिना?

हाच प्रश्न आमच्या धर्मग्रामांतही उभा आहे. मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरी इंग्रजी पत्र येते. मराठी उरते ती प्रार्थनेपुरती आणि रविवारपुरती. पाणी, जमिनीचा भाव, ग्रामपंचायतीची निवडणूक, कारखान्यातली नोकरी यांवर ज्या भाषेत वाद घालायचा नाही, तिच्यात स्तोत्रे तरी किती दिवस जिवंत राहतील? आमच्या नियतकालिकांनीही हा दोष वाढविला आहे. आम्ही मराठीत संतचरित्रे देतो, बाजारभाव देत नाही.

अर्थात आमच्या या विवेचनाला छेद देणारे गाव जवळच आहे. रोह्याची कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाशी कोर्लई. चौल प्रांत पोर्तुगीजांच्या हातून १७४० मध्ये गेला. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही नांदते. बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. तिच्यात कधी दैनिक निघाले नाही, शाळा तर नाहीच; मुले मराठीत शिकली. आता त्यांतली काही नोकरीसाठी मुंबईला जातात. सुटीत परतल्यावर ती आजीशी कोणत्या भाषेत बोलतात, हे कोर्लईला जाणाऱ्याने कान देऊन ऐकावे.