‘दगडी माणूस’ हे नाव खटकते

फिलाडेल्फियातील म्यूटर संग्रहालयात हॅरी ईस्टलॅक (१९३३–१९७३) यांचा सांगाडा आहे. एरवी सांगाडा उभा करायला हाडे तारेने जोडावी लागतात. हा बराचसा आपोआप सांधला गेला आहे. विकाराचे नाव फायब्रोडिस्प्लाझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. लोकप्रिय लेखांत मात्र ‘दगडी माणूस’ हा मथळा हमखास येतो, आणि तो आम्हांला चुकीचा वाटतो.

दगड निर्जीव. येथे स्नायूंत आणि कंडरांत तयार होते ते खरेखुरे, जिवंत हाड: आधी कूर्चा, मग अस्थी, आत मज्जासुद्धा! गर्भात घडते तेच, पण भलत्या जागी नि भलत्या वेळी. २००६ साली यामागचा दोष एसीव्हीआर-१ या एकाच जनुकात सापडला.

शब्दाचा एवढा हट्ट कशाला? दगड म्हटला की तो फोडून काढावा असे वाटणारच. प्रत्यक्षात हे हाड कापले की तेथे पुन्हा हाड धरते. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे, स्नायूत सुई टोचणे, साधे पडणे, एवढेही निमित्त पुरते. जन्मतःच आखूड, वाकडा असलेला पायाचा अंगठा ही बहुतेकांतली खूण; गाठीला हात लावण्यापूर्वी पाहायची ती हीच. तिला मथळ्यात जागा मिळालेली आम्ही अजून पाहिली नाही.