अकरा उसनी, एक घरचे

मराठी शाळेत वाक्यपृथक्करण शिकवणाऱ्या मॅट्रिक मास्तराने अमेरिकन गाण्यांच्या तबकडीवर लिहायला बसावे, हे थोडे आगाऊपणाचेच आहे. पण दिवाळी अंक म्हणजे फराळाचे ताट. त्यात एखादा परका जिन्नस आला तरी वाचक रागावणार नाहीत असा माझा अनुभव आहे. शिवाय ही तबकडी मी हौसेने शोधलेली नाही. माझा एक जुना विद्यार्थी ती घेऊन घरी आला आणि म्हणाला, "सर, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. ऐका, आणि ह्यांत भाऊ कुठे आहेत ते सांगा." आयुष्यभर मी प्रश्नपत्रिका काढल्या, ही पहिलीच मला सोडवायला मिळालेली.

भावांची नावे डॉन आणि फिल एव्हर्ली. तबकडीचे नाव 'रॉक 'न सोल', वॉर्नर ब्रदर्सने १९६५ साली काढलेली. एकूण बारा गाणी, आणि जवळजवळ सगळी इतरांनी आधी गाऊन गाजवलेली. चक बेरी, रे चार्ल्स, लिटल रिचर्ड, बडी हॉली अशा नामांकित गवयांची. ह्याला तिकडे 'कव्हर' म्हणतात. आपण सरळ 'उसनी गाणी' म्हणू.

आधी ह्या भावांच्या गाण्याची रीत सांगायला हवी, कारण आपल्या कानाला ती नवी आहे. आपली जुगलबंदी म्हणजे एकाने जागा घ्यायची आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे. इथे तसे नाही. डॉन मूळ चाल गातो आणि फिल त्याच क्षणी, तेच शब्द घेऊन, बहुधा गांधाराच्या अंतरावर वरून चालत असतो. दोघे एकत्र श्वास घेतात, एकत्र थांबतात. तानपुरा नीट जुळला की त्यात गांधाराची तार नसूनही गांधार ऐकू येतो. तसे ह्या दोघांच्या आवाजांतून तिसराच एक आवाज उभा राहतो, आणि तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. १९५७ सालच्या 'बाय बाय लव्ह'पासून जगाला भुरळ पडली ती ह्या तिसऱ्या आवाजाची.

मग अशा माणसांवर उसनवारीची पाळी का आली? त्यांना उत्तम गाणी देणारे बूडलो आणि फेलिस ब्रायंट हे जोडपे ज्या प्रकाशनसंस्थेशी बांधलेले होते, तिच्या वेस्ली रोझशी १९६१ साली भावांचे बिनसले. ब्रायंट दांपत्याची नवी गाणी बंद झाली. इतकेच नव्हे, गीतकार म्हणून भाऊही तिथेच करारबद्ध असल्याने त्यांची स्वतःचीही अडली. ते भांडण १९६४ साली मिटले, पण तोवर हवा पालटली होती. लिव्हरपूलच्या ज्या पोरांनी ह्याच भावांच्या तबकड्यांवरून जोडीने गाणे गिरवले, ते बीटल्स आता जगाचे लाडके झाले होते. त्यांनी 'कॅन्सस सिटी' १९६४ च्या डिसेंबरात आपल्या तबकडीवर घेतले, आणि काही महिन्यांत तेच गाणे एव्हर्ली बंधूंच्या ह्या तबकडीवर आले. मला हे वाचून कसेसेच झाले. मास्तर विद्यार्थ्याच्या वहीत डोकावतो आहे! आणि मास्तरांचे वय किती? थोरला अठ्ठावीस, धाकटा सव्वीस.

आता परीक्षा. 'सोल' गाण्याचा जीव देवळातल्या गाण्यात आहे. एकजण आपले काळीज उघडे करून पुढे होतो, आणि समुदाय त्याला होकार देतो. रे चार्ल्सने 'आय गॉट अ वुमन'मध्ये प्रार्थनेचा हा ढंग उचलून प्रापंचिक प्रेमाला दिला. त्यात एका एकट्या माणसाचे उमाळे आहेत, आवाज फाटतो तिथेच गाणे आहे. एव्हर्ली बंधू ते जोडीने गातात आणि 'मी' हा शब्द दोन तोंडांतून निघतो. गाणे सुबक होते, पण फाटत नाही. ज्याच्या शेजारी सतत भाऊ उभा आहे, त्याने एकटेपणाचा टाहो फोडावा तरी कसा? 'डान्सिंग इन द स्ट्रीट'चेही तेच. मार्था अँड द व्हँडेलाज ह्या मोटाउनच्या मुलींनी १९६४ च्या उन्हाळ्यात ते गायले तेव्हा सारे शहर रस्त्यावर आल्यासारखे वाटले होते. इथे दोन सभ्य पाहुणे आपल्याला अंगणात बोलावताहेत असे वाटते. 'हाउंड डॉग'बद्दल न बोललेलेच बरे; बिग मामा थॉर्नटन आणि एल्व्हिस ह्या दोघांनी ते इतके पिळून घेतले होते की मागे चोथाच उरला होता.

इथवर मी विद्यार्थ्याला सांगितले, "ह्यांनी नसत्या फंदात पडायला नको होते." तो हसला नुसता. त्याने पुन्हा सुई ठेवली ती 'दॅट'ल बी द डे'वर.

हे बडी हॉलीचे गाणे. १९५७ साली तो आणि हे भाऊ एकाच फिरत्या ताफ्यात होते, चक बेरीही त्यातच. गोऱ्या आणि काळ्या कलावंतांनी एका रंगमंचावर येऊ नये असे कायदे दक्षिणेतल्या काही शहरांत होते, आणि तिथले खेळ गोऱ्या मंडळींना सोडावे लागले. हॉली १९५९ च्या फेब्रुवारीत विमान अपघातात गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. सहा वर्षांनी त्याचे मित्र त्याचे गाणे गातात, पण सुतकी तोंडाने गात नाहीत; ठणकावून गातात. ह्या गाण्यातल्या फुशारकीला जोडीचा आवाज शोभतो, कारण फुशारकी मारायला साथीदार लागतोच. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की 'उसने' हा शब्द मी फार घाईने वापरला.

त्याचे दुसरे कारण ह्या भावांच्या बापाशी आहे. आइक एव्हर्ली केंटकीतला कोळसा खाणकामगार आणि अंगठ्याने खर्ज सांभाळून गिटार वाजवणारा नामी वादक. त्या मुलखात ही वादनशैली रुजली ती अर्नल्ड शुल्ट्झ ह्या कृष्णवर्णीय वादकाच्या प्रभावातून. म्हणजे काळ्या माणसाचे संगीत ह्या पोरांच्या घरात आले ते बाजारातून नव्हे, बापाच्या बोटांतून! 'आय'म गोना मूव्ह टु द आउटस्कर्ट्स ऑफ टाउन' हे जुने ब्लूज गाणे ते सावकाश गातात तेव्हा ह्या वारशाची ऊब जाणवते. शुल्ट्झ १९३१ साली वारला. त्याच्या वाट्याला ना पैसा आला ना कीर्ती. गोड गळ्याच्या भावांचे कौतुक करताना हा हिशेब डोळ्याआड करणे मला जमत नाही.

राहिले घरचे गाणे. 'लव्ह हर्ट्स' बूडलो ब्रायंटने लिहिले आणि १९६० साली ह्याच भावांनी पहिल्याने गायले, संथ, दुखऱ्या जागेवर बोट ठेवावे तसे. ह्या तबकडीवर तेच त्यांनी पुन्हा गायले आहे. पण लय वाढवून, गिटार खणखणीत करून, नव्या हवेला रुचेल असे. आणि तबकडीवर मला सर्वांत परके वाटले ते हेच. इतरांच्या गाण्यांत शिरताना ते निदान आपला आवाज बरोबर नेतात. आपल्या गाण्यात मात्र पाहुण्यासारखे, जोडे न काढता शिरले.

मला हे झोंबले त्याला खाजगी कारण आहे. माझी मागची कादंबरी मी नव्या लेखकांच्या धर्तीवर, तुटक तुटक वाक्यांत लिहिली. वाचून ह्याच विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, ह्यात तुम्ही कुठे आहात?" तेव्हा मी चिडलो होतो. तबकडी आणतानाचा त्याचा प्रश्न आठवा.

१९६५ च्याच वसंतात भावांनी 'द प्राइस ऑफ लव्ह' हे स्वतः रचलेले गाणे गायले आणि ते इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्यात ह्याच तबकडीवरचा रांगडा ठेका आहे, पण वर तो तिसरा आवाज छाती काढून उभा आहे. पुढे १९७३ साली दोघे भर कार्यक्रमात फुटले, १९८३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले. फिल २०१४ साली गेला, डॉन २०२१ साली.

तबकडी अजून माझ्याकडेच आहे. भाऊबीज झाल्यावर न्यायला येतो म्हणाला आहे. मी मात्र १९६०चे 'लव्ह हर्ट्स' त्याच्याकडे मागून ठेवले आहे.