'टेकिंग द लाँग वे' : रोष, आपलेपणा आणि गीताची भाषा

प्रास्ताविक

कलावंताने राजकीय मत जाहीरपणे मांडावे की नाही, हा प्रश्न समीक्षेत वारंवार चर्चिला गेला आहे. मात्र असे मत मांडल्यानंतर त्या कलावंताच्या कलेचे काय होते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. 'डिक्सी चिक्स' या अमेरिकन कंट्री संगीतसमूहाचा 'टेकिंग द लाँग वे' हा २००६ मधील अल्बम या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. (समूहाने २०२० मध्ये आपल्या नावातील 'डिक्सी' हा शब्द वगळला.) या अल्बमकडे बहुधा एका वादाला दिलेले उत्तर म्हणून पाहिले जाते. हे वाचन कितपत पुरेसे आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वादाची पार्श्वभूमी

१० मार्च २००३ रोजी, इराकवरील आक्रमणास अवघे दहा दिवस उरले असताना, लंडनमधील कार्यक्रमात मुख्य गायिका नॅटली मेन्स यांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आपल्याच टेक्सास राज्याचे असल्याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच वर्षी जानेवारीत या समूहाने सुपर बोल सामन्यापूर्वी राष्ट्रगीत गायले होते. मायदेशी या उद्गारांचे तीव्र पडसाद उमटले. कंट्री संगीताच्या अनेक रेडिओ केंद्रांनी समूहाची गाणी वाजवणे थांबवले. 'क्युम्युलस' या कंपनीने तर आपल्या कंट्री केंद्रांवर सरसकट बंदी घातली. लुईझियानात सीडी जाहीरपणे चिरडण्यात आल्या. डॅलस येथील कार्यक्रमापूर्वी मेन्स यांना ठार मारण्याची धमकी आली. त्या वेळी कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी असलेले 'ट्रॅव्हलिन सोल्जर' वेगाने खाली घसरले.

हा रोष केवळ श्रोत्यांचा होता असे मानणे अपुरे ठरेल. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा काढून टाकली होती. परिणामी एका कार्यालयातील निर्णय अनेक शहरांतील श्रोत्यांवर लादला जाणे शक्य झाले. जुलै २००३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या प्रश्नाची चर्चा झाली, ती याच कारणाने.

रोषाचा विषय

अल्बममध्ये चौदा गीते असून सर्वांच्या लेखनात नॅटली मेन्स, मार्टी मग्वायर आणि एमिली रॉबिसन या तिघींचा सहभाग आहे. पूर्वीच्या अल्बममध्ये इतरांनी लिहिलेल्या गीतांचे प्रमाण मोठे होते. बहिष्कारानंतर स्वतःचे शब्द स्वतःच लिहिण्याचा हा निर्णय अर्थपूर्ण आहे.

वादाचा थेट उल्लेख मोजक्या गीतांतच येतो. 'नॉट रेडी टू मेक नाइस' हे त्यांतील सर्वांत परिचित गीत. क्षमा, विस्मरण आणि समेट यांची समाजाकडून होणारी अपेक्षा ते नाकारते. मेन्स यांनी २००३ मध्ये व्यक्त केलेली दिलगिरी २००६ मध्ये मागे घेतली, ही घटनाही या नकाराशी सुसंगत आहे. गीताचा आरंभ संयत आहे, आवाज टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि अखेरीस पुन्हा खाली येतो. त्यामुळे रोष हा आवेश न राहता विचारपूर्वक घेतलेली भूमिका वाटतो.

'लबक ऑर लीव्ह इट' हे गीत अधिक गुंतागुंतीचे आहे. लबक हे मेन्स यांचे मूळ गाव. धार्मिकतेचे प्रदर्शन करणाऱ्या या गावाचा उपहास करताना गीत याच गावच्या बडी हॉली या गायकाचे स्मरण करते. जिवंतपणी नाकारायचे आणि मरणोत्तर पुतळा उभारायचा, या रीतीवर त्याचा रोख आहे. परंतु इतक्या बारकाव्याने केलेला उपहास आपल्या माणसाचाच असू शकतो. दुरावा आणि आपलेपणा येथे एकाच स्वरात ऐकू येतात.

उरलेली गीते वरवर वादापासून दूर आहेत. 'इझी सायलेन्स' बाहेरच्या कोलाहलात जोडीदाराच्या सहवासाचा निवारा शोधते. 'सो हार्ड' मूल होण्यातील अडचणींविषयी बोलते, तर 'सायलेंट हाउस' स्मृती हरवत चाललेल्या वृद्धेविषयी. या गीतांना पूरक भरणा समजणे चुकीचे ठरेल. ज्यांना देशद्रोही म्हटले गेले, त्या स्त्रियांचे घर, देह आणि नाती हा त्यांचाच प्रांत आहे, हे ती न सांगता सिद्ध करतात.

वाद्यांची भाषा

निर्माता रिक रुबिन यांच्यामुळे अल्बमचा नाद रॉक संगीताकडे झुकला. २००२ मधील 'होम' या अल्बममध्ये ड्रम्स जवळजवळ नव्हते. बँजो, फिडल आणि मँडोलिन यांची लोकसंगीताशी जवळीक साधणारी वीण हेच त्याचे सौंदर्य होते. नव्या अल्बममध्ये ही वाद्ये मागे सरली आणि गिटार व ड्रम्स पुढे आले. ज्या संगीतविश्वाने बाहेर काढले, त्याची परवानगी मागण्याचे कारण उरले नव्हते. तथापि या मुक्तीची किंमतही आहे. मग्वायर यांचे फिडल आणि रॉबिसन यांचा बँजो ही समूहाची ओळख अनेक ठिकाणी पार्श्वभूमीत विरून जाते.

मर्यादा

अधिक गंभीर मर्यादा आशयाची आहे. वादाचे मूळ युद्धात होते. अल्बममध्ये युद्ध क्वचितच येते. येथील रोष प्रामुख्याने गायिकांच्या वाट्याला आलेल्या अवहेलनेविषयी आहे. 'ट्रॅव्हलिन सोल्जर' हे ब्रूस रॉबिसन यांचे गीत व्हिएतनामला गेलेल्या सैनिकाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या मुलीची कथा सांगते. युद्धाच्या मानवी किमतीविषयी ते या संपूर्ण अल्बमपेक्षा अधिक बोलते. बहिष्काराच्या भरात जे गीत रेडिओवरून उतरवले गेले, तेच सैनिकाविषयी सर्वाधिक करुणा बाळगणारे होते, हा त्या प्रसंगातील दारुण विरोधाभास होय. अखेरचे 'आय होप' हे गीत शांततेची आस व्यक्त करते, परंतु ती प्रार्थनेच्या पातळीवरच राहते.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, बोलण्याचा हक्कच धोक्यात असताना त्या हक्काविषयी बोलणे हेच प्रथम कर्तव्य ठरते. हा प्रतिवाद ग्राह्य आहे; पण त्यामुळे मर्यादा नाहीशी होत नाही, तिचे कारण तेवढे कळते.

समारोप

पहिल्याच आठवड्यात अल्बमच्या ५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये समूहाला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, त्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचाही समावेश होता. याउलट 'नॉट रेडी टू मेक नाइस' कंट्री गीतांच्या यादीत ३६ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही आणि २००६ च्या दौऱ्यात अमेरिकेतील काही कार्यक्रम रद्द करावे लागले. राष्ट्राने गौरविले, पण स्वतःच्या परंपरेने परत घेतले नाही, असे या यशाचे दुहेरी स्वरूप आहे. पुरस्कार हा कलागुणांचा निवाडा होता की युद्धाविषयी बदललेल्या जनमताची कबुली, हा प्रश्न त्यामुळेच रास्त ठरतो. अल्बमचे मोल मात्र त्या उत्तरावर अवलंबून नाही. मतभेद झाल्यावर 'आपली माणसे' कोणाला म्हणायचे, हा प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला आणि सोयीस्कर समेट करून तो मिटवण्याचे नाकारले. बांधिलकीची चर्चा करणाऱ्या समीक्षेने कलावंताच्या भूमिकेइतकेच, त्या भूमिकेची किंमत मोजताना बदललेल्या त्याच्या भाषेकडेही लक्ष दिले पाहिजे, हे या अल्बमच्या अभ्यासातून स्पष्ट होते.