पंधरा रुपयांचं पालिताणा

स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४९ला सोळा टपाल तिकिटांची एक माला काढली. छापली आपल्या नाशिकच्या प्रेसमध्ये. तीन पैला अजिंठा, नऊ पैला घारापुरीची त्रिमूर्ती, आण्याला बोधिसत्त्व, दोन आण्यांना नटराज, बारा आण्यांना सुवर्णमंदिर. आणि सगळ्यांच्या वर, पंधरा रुपयांना, आपलं शत्रुंजय. आमच्या सुरतेत अजून कुणी ना कुणी हे छाती फुगवून सांगतं.

मला त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली, या मालेला सगळे पुरातत्त्व माला म्हणतात. अजिंठ्याला तो शब्द शोभतो. पण शत्रुंजयावर रोज पहाटे माणसं चढतात, पूजा करतात, उतरतात. तिथले उद्धार मोजायची आपली परंपरा सोळावर जाते, शेवटचा कर्माशाहांचा, १५३१चा. ज्या देवळात आज सकाळी केशर उगाळलं, ते पुरातत्त्व कसं? सुवर्णमंदिराचंही तेच.

दुसरी गोष्ट किमतीची. पंधरा रुपयांचं तिकीट साध्या पत्राला लागतच नाही. माहेरच्या पाकिटावर बाईच्या हाती यायचा तो नटराज नाहीतर बोधिसत्त्व. मान दिला खरा, पण माळ्यावर ठेवून दिला.

खालच्या किमतीच्या तिकिटांनी मात्र जग पाहिलं. १९५३मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं, आणि मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारताने फौज पाठवली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, कोल्हापूरकडचे. त्या फौजेसाठी याच तिकिटांवर वरून छापलं: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक! बखरीतला शब्द, थेट कोरियात. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या करारानंतर भारत, कॅनडा आणि पोलंड यांचे आयोग कंबोडिया, लाओस, व्हिएतनामला गेले, तेव्हा ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग’ आणि खाली देशाचं नाव. खजुराहोचं देऊळ अंकोरवाटच्या देशात, बोधिसत्त्व लाओसमध्ये. निवडणाऱ्याने मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण जमून गेलं.

इथल्या एका संग्राहकांकडे ही तिकिटं पाहिली. ते म्हणाले, “बघा बेन, आपलं तीर्थ वाचलं. त्याच्यावर काही छापलं नाही.” त्यांच्या घरच्या बायकांनीही माना डोलावल्या. आशातना टळली, असं सगळ्यांचं मत.

मला ते पटत नाही. आशातना फक्त आपल्याच देवाची होते का? नटराजाच्या अंगावरून अक्षरं गेली, ते चालतं? शिवाय टपालाचा काळा शिक्का तर प्रत्येक तिकिटावर बसायचाच, शत्रुंजयही त्यातून सुटलेलं नाही. उलट छापलेल्या ओळीत निदान काही सांगितलेलं असतं. आपल्या मूर्तींच्या पीठावर लेख असतात ना, संवत अमुक, अमुक शेठाणीने भरवली? वाचताना ती बाई डोळ्यांपुढे येते. तसंच ‘कोरिया’ वाचलं की कुठल्या तरी तंबूत बसून घरी लिहिणारा जवान दिसतो. कोरं तिकीट मला एवढं सांगत नाही. माझी तक्रार जागेची आहे. लेख पीठावर कोरतात, चेहऱ्यावर नाही. खाली कडेला एक बारीक ओळ पुरली असती. पण तयार तिकिटावर नंतर छापायचं, तर एवढा विचार कोण करतो!

खरा विचार आधी व्हायला हवा, चित्र निवडताना. १९७४मध्ये महावीर निर्वाणाच्या पंचवीसशेव्या वर्षाच्या तिकिटावर पावापुरीचं जलमंदिर घेतलं, मूर्ती नाही. ती निवड मला आजही शहाणपणाची वाटते. सात वर्षांनी श्रवणबेळगोळचे गोम्मटेश्वर एक रुपयाच्या तिकिटावर आले. तेव्हा आपल्यात आनंदच झाला, आशातनेचं नाव कुणी काढलं नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाकिटावरचं ते तिकीट मी वाटीभर पाण्यात भिजवून सोडवलं. शिक्क्याची कड बाहुबलींच्या खांद्यावरून गेली आहे.