प्राध्यापक विंदा आणि मुलांचे विंदा

मंडळाच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले, "विंदा करंदीकर मुंबईचे. बेळगावच्या मंडळात त्यांचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. गोविंद विनायक करंदीकर १९१८ साली आत्ताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या धालवलीला जन्मले, कोल्हापूरला शिकले आणि पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांनी शिकवलेल्या कॉलेजांत मुंबईच्या रुईया आणि एस. आय. ई. एस. बरोबर बागलकोटचे बसवेश्वर कॉलेजही आहे. म्हणजे गृहस्थ आपल्या मुलखाला परके नव्हेत.

माझी तक्रार वेगळी आहे. विंदांवरचा कुठलाही गौरवलेख काढून बघा. 'स्वेदगंगा', 'मृद्गंध', 'धृपद', 'जातक', मग भाषांतरे, मग २००३ चा ज्ञानपीठ, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'त्यांनी बालकविताही लिहिल्या.' हा 'ही' मला खटकतो. १९६१ च्या 'राणीची बाग'पासून १९९३ च्या 'बागुलबोवा'पर्यंत बत्तीस वर्षे चाललेले काम फावल्या वेळेचे कसे असेल?

तारखा शेजारी ठेवल्या की चित्र बदलते. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे त्यांचे मराठी पुस्तक १९५७ चे. त्यानंतर चार वर्षांत 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले', १९६३ ला 'एटू लोकांचा देश'. ॲरिस्टॉटल म्हणतो की शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट कवीने पत्करावी. एटूंचा देश मला या वाक्याचे प्रात्यक्षिक वाटतो. तिथल्या रीती आपल्या जगात चालणार नाहीत. पण एकदा ती रीत मान्य केली की कवी ती मोडत नाही. मुलाला हे लगेच कळते, कारण खेळाचेही तसेच असते. वर्गात काव्यशास्त्र शिकवणारा माणूस आणि मुलांना हसवणारा माणूस इथे एकच आहे.

१९८१ साल बघा. 'विरूपिका', अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण आणि 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' ही तिन्ही त्याच वर्षातली. 'विरूपिका'तला तिरकस, वाकुल्या दाखवणारा सूर आणि पिशीमावशीच्या भुतांचा सूर यांत मला सख्खे नाते दिसते. मोठ्यांसाठी तो उपहास होतो, मुलांसाठी भीतीची गंमत होते.

सगळेच काही मला सारखे पसंत नाही. 'राणीची बाग' म्हणजे भायखळ्याचे प्राणिसंग्रहालय, हे मुंबईच्या मुलाला सांगावे लागत नाही; आमच्या मुलांना सांगावे लागते. भुताखेतांचेही तेच. ज्या घरात आजी भुतांच्या गोष्टी सांगत नाही, तिथे आधी भूत समजावून द्यायचे आणि मग हसायला सांगायचे, हे जमत नाही. समजावून दिलेला विनोद मेलाच म्हणायचा.

तरी एक अनुभव सांगतो. मी इथल्या मराठी शाळेत शिकवत होतो. वर्गातली बरीच मुले गल्लीत कन्नड बोलायची. धड्यातले शब्द अडायचे, वाचायला सांगितले की माना खाली. एका शनिवारी 'एटू लोकांचा देश' मोठ्याने वाचायला घेतले. निम्मे शब्द त्यांना नवे असणार. पण ताल आणि एटूंची रीत त्यांनी आधी पकडली, शब्दांचे अर्थ मागाहून विचारले, तेही आपणहून. "सर, पुन्हा म्हणा की!" हे त्या वर्गात मी प्रथमच ऐकले.

सीमाभागात मराठीविषयी आपण सभा घेतो, ठराव करतो. ते करावेच. पण ठराव वाचून एखाद्या मुलाने पुन्हा म्हणा असे म्हटल्याचे मला माहीत नाही. म्हणून सुचवतो: आपल्या वाचनालयात विंदांची बालकवितेची पुस्तके 'इतर साहित्य' या फळीवर आहेत, ती 'जातक'च्या शेजारी ठेवावीत. आणि खालच्या फळीवर, मुलांचा हात पोचेल अशी.