युफेमिया हेन्स यांचे गणित

युफेमिया लॉफ्टन हेन्स यांच्याविषयी जे परिचयलेख आमच्या वाचनात आले, त्यांतल्या बहुतेकांचा साचा एकच आहे. जन्म १८९०, वॉशिंग्टन. १९४३ साली कॅथलिक विद्यापीठाची पीएच.डी.; गणितात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. मग प्रबंधाचे लांबलचक शीर्षक उतरवलेले असते आणि लेख पुढे सरकतो. त्या प्रबंधाचा प्रश्न काय होता, हे कोणीच सांगत नाही. ज्या कामासाठी गौरव करायचा ते काम न उघडताच गौरव करायचा, हे आम्हाला खटकते.

शीर्षकाचा मराठीत अर्थ साधारण असा : सममित संगतींचे काही विशेष प्रकार ओळखण्यासाठी लागणाऱ्या स्वतंत्र अटी ठरवणे. विषय बैजिक भूमितीचा. शब्द जड आहेत, पण कल्पनेपर्यंत कंपासने पोचता येते. ८ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच्या केंद्रापासून ४ सेंमीवर दुसरे केंद्र घेऊन ३ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा; ते पहिल्याच्या आत बसेल. आता बाहेरच्या वर्तुळावर कोठेही 'प' बिंदू घ्या. त्यातून आतल्या वर्तुळाला दोन स्पर्शिका निघतात. त्या वाढवल्या की बाहेरच्या वर्तुळाला आणखी दोन बिंदूंत भेटतात. म्हणजे 'प'ला दोन जोडीदार मिळाले. 'फ' हा 'प'चा जोडीदार असेल, तर 'प'ही 'फ'चा जोडीदार असतो, कारण दोघांना जोडणारी स्पर्शिका तीच. अशा दुतर्फी नात्याला सममित संगती म्हणतात.

बिंदूंच्या जागा 'क्ष' आणि 'य' या संख्यांनी दाखवल्या, तर हे नाते एका समीकरणात बसते. त्यात दोन्ही चलांचा घात २ पर्यंत जातो आणि चलांची अदलाबदल केली तरी समीकरण बदलत नाही. असे सर्वसाधारण समीकरण लिहून पाहा : वेगवेगळे सहगुणक फक्त ६ उरतात. त्यांची गुणोत्तरेच महत्त्वाची, म्हणून संगती निश्चित व्हायला ५ अटी पुरतात. पाच बिंदूंतून शांकव निश्चित होतो, तोच हा आकडा, आणि हा योगायोग नव्हे.

आता 'प'चे दोन जोडीदार एकमेकांना जोडा. ती रेषाही आतल्या वर्तुळाला स्पर्श करते. त्रिकोण पुरा होतो. 'प' कोठेही सरकवा, त्रिकोण दरवेळी पुरा होतो. आतल्या वर्तुळाची त्रिज्या थोडी बदला, की एकदाही होत नाही. पहिल्या नजरेला वाटते, प्रत्येक आरंभबिंदूसाठी वेगळी अट हवी, म्हणजे अगणित अटी. प्रत्यक्षात एकच पुरते : केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग हा मोठ्या त्रिज्येच्या वर्गातून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करून येणाऱ्या संख्येइतका हवा. ६४ वजा ४८, म्हणजे १६. बाकीच्या अटी तिच्यातूनच निघतात. यामागचे व्यापक प्रमेय पाँसले यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. हेन्स यांनी हेच उदाहरण घेतले असा आमचा दावा नाही. पण ढीगभर अटींतल्या खरोखर स्वतंत्र किती आणि नुसती पुनरुक्ती किती, हा प्रश्न याच जातीचा आहे.

हे काम युगप्रवर्तक होते का? नाही, आणि तसे म्हणायला संकोच वाटू नये. त्याच दशकात आंद्रे वेल संगतींचीच कल्पना घेऊन बैजिक भूमितीचा पाया नव्याने घालत होते. हेन्स यांचे मार्गदर्शक ऑब्री लँड्री जुन्या, अभिजात पठडीतले. त्यांच्याकडे अनेक स्त्रियांनी डॉक्टरेट केली, त्यांत कॅथलिक जोगिणीही पुष्कळ. पण हा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा हेन्स यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९३० मध्ये शिकागो विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन त्याच वर्षी त्यांनी मायनर टीचर्स कॉलेजात गणित विभाग उभा केला होता. तिथे कृष्णवर्णीय शिक्षक घडत. १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांची हयात शिकवण्यातच गेली. संशोधन पुढे का वाढले नाही, याचे उत्तर आम्ही त्यांच्या बुद्धीपेक्षा या वेळापत्रकात शोधू.

दुसरी तक्रार नेमकी उलट टोकाची आहे. १९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या शाळांतला वर्णभेद कायद्याने संपला. त्यानंतर अधीक्षक कार्ल हान्सेन यांनी चाचण्यांच्या आधारे मुलांना वेगवेगळ्या स्तरांत वाटणारी पद्धत आणली. खालच्या स्तरांत मुख्यतः गरीब आणि कृष्णवर्णीय मुले गेली. शिक्षण मंडळावर आल्यावर हेन्स यांनी या पद्धतीवर सतत टीका केली, आणि १९६६ मध्ये त्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. काही लेखकांना यात गणिती दृष्टी दिसते. आम्हाला हे ओढूनताणून आणलेले वाटते. कोणती मुले कोणत्या वर्गात बसवली जातात हे पाहायला बैजिक भूमिती लागत नाही; चार दशके शाळेत काढलेल्या बाईंना ते दिसणारच. जून १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ही पद्धत रद्द ठरवली. चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर प्रमाणित केलेल्या होत्या, त्यामुळे त्या कृष्णवर्णीय मुलांची क्षमता मोजत नव्हत्या, असे निकालात म्हटले आहे. त्यानंतर हान्सेन यांनी राजीनामा दिला.